ओढ्यावरचा पहारा

गोष्ट सुरू होते ती एका उसन्या मेंढ्यापासून.

हसू नकोस, रुअरी. तुमच्या ग्लासगोत भुतं बंगल्यांत राहत असतील, आमच्या बेटावर त्यांना मेंढ्यांच्या वाटेनंच यावं लागतं. ती खुर्ची शेगडीजवळ ओढ. वीज काही सकाळपर्यंत येत नाही, आणि बोट तर उद्याचीही रद्द. म्हणजे तुम्ही दोघं आयते माझ्या तावडीत सापडलात. किर्स्टी, नवऱ्याला अजून चहा दे. नवा जावई आहे, घाबरला तर हातात काहीतरी गरम असलेलं बरं.

तर टॉर्मोद. हा आपल्या वरच्याच घरात राहायचा, माझा सख्खा शेजारी. सत्तरी ओलांडलेला, दणकट, आणि बोलायला असा काटकसरी की पाऊस पडला तर तो आभाळाकडे बोट करायचा. मी पुढे सांगणार आहे ते त्याच्या तोंडून ऐकलेलं आहे. शेवटचं तेवढं माझं स्वतःचं.

त्या वर्षी त्यानं आपल्या मेंढ्यांसाठी ओढ्यापलीकडच्या ग्रिआम गावातून एक मेंढा उसना आणला होता. काम झालं, आता परत द्यायचा. त्याची गाडी दुरुस्तीला गेलेली. सडकेनं जायचं तर वरच्या पुलावरून पाच मैल. आणि खाली, ओढा समुद्राला मिळतो तिथल्या लाकडी साकवावरून गेलं तर वीस मिनिटं.

डिसेंबरची दहा तारीख होती, मंगळवार. घरातून निघाला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं. ऐकायला ती संध्याकाळ वाटते, पण डिसेंबरात साडेतीनलाच दिवस मावळतो. पाचला काळोख मिट्ट. त्याची मुलगी ऊना बाळंतपणाला घरी आली होती, बाळ सहा दिवसांचं. ती म्हणाली, "बाबा, उद्या उजेडात दे ना. तो मेंढा कुठे पळून चाललाय?"

"आज देतो म्हणालो होतो," टॉर्मोद म्हणाला. संपलं. दिलेला शब्द त्यानं कधी मोडल्याचं मला आठवत नाही, आणि त्याचाच पुढे घोळ झाला.

साकवाच्या पलीकडच्या टोकाला काय आहे, ते किर्स्टीला माहीत आहे. जुनं कबरस्तान. फाटक अगदी वाटेवर.

ओढा म्हणशील तर केवढा! उन्हाळ्यात कोकरूसुद्धा उडी मारून जाईल. पण दोन गावांची हद्द तोच. अलीकडे आपलं हालावाल, पलीकडे ग्रिआम. चर्च निराळं, बोलण्याचा हेल निराळा, आणि एकमेकांना नावं ठेवण्यात दोघंही तरबेज. सामाईक एवढं एकच, ते कबरस्तान. आणि तिथला नियमही एकच. जो शेवटचा पुरला जाईल, त्यानं पहाऱ्यावर उभं राहायचं. पुढचा येईपर्यंत. पुढचा आला की पहारा त्याच्याकडे, आणि आधीचा सुटला, निवांत झोपला. आमच्या भाषेत ओढ्याचं नावच पहाऱ्याचा ओढा.

मानता का, म्हणतोस? छे! पाद्रीबाबा वर्षातून एकदा सगळ्यांना झोडपून काढतात, हे थोतांड आहे म्हणून. आम्ही माना डोलावतो. मानत कोणीच नाही. पाळतात सगळे.

माझ्या आजोबांच्या तरुणपणी एकाच दिवशी दोन्ही गावांत मयत झालं. आता जो दुसरा पोचेल त्याच्या माणसाला पहारा! दोन्हीकडचे लोक पेट्या खांद्यावर घेऊन अक्षरशः पळत सुटले. फाटकात गर्दी झाली, धक्काबुक्की झाली, ग्रिआमवाल्यांनी आपली म्हातारी सरळ भिंतीवरून आत सारली. आमच्याकडच्या दोघांचे दात पडले. मेलेल्यांच्या पायी जिवंतांचे दात! नंतर अकरा वर्षं दोन्ही गावांत सोयरीक झाली नाही.

आणि हे सगळं पुरुषांत. बायका नाहीत. आमच्याकडे बायका मयताबरोबर घराच्या कोपऱ्यापर्यंत येणार, तिथून परत. खांदा पुरुषांचा, कबरस्तान पुरुषांचं. आता बदललंय, पण जुन्या पिढीतली बाई त्या फाटकातून आत गेली ती एकदाच.

टॉर्मोदची बायको मार्साली तशीच गेली. मार्च महिन्यात, त्या मेंढ्याच्या आधी चार वर्षं. फटकळ बाई. मी टपालाची गाडी घेऊन गेलो की म्हणायची, "इवर, पत्र आणलंस की नुसतंच तोंड?" ती गेली त्या हिवाळ्यात ओढ्याला पूर आला होता, कबरस्तानाचा एक काठ ढासळला होता. कौन्सिलनं ठरवलं, हे बंद करायचं. वर सडकेला, पुलाच्या पलीकडे, नवं तयार होत होतं. पंधरा दिवस थांबा, म्हणाले, मग तिला नव्या जागेत ठेवू.

टॉर्मोद थांबला नाही. "तिची आई खाली आहे," म्हणाला. "आणि तिच्या शेजारची जागा माझी आहे. कागद आहे माझ्याकडे." हट्टानं त्यानं तिला शुक्रवारी तिथे नेलं. सोमवारी फाटकाला साखळी लागली, वर पाटी. यापुढे येथे दफन होणार नाही. कागद असो नाहीतर नसो.

चार वर्षांत दोन्ही गावांत मिळून बरीच माणसं गेली. सगळी वर गेली. खाली कोणी नाही.

कळलं ना? सगळ्या गावाला कळलं होतं. टॉर्मोदसमोर कोणी बोललं नाही, एवढंच. मार्साली शेवटची. तिच्यानंतर कोणी येणार नव्हतं. कधीच. हट्ट त्याचा, आणि उभी ती.

तर तो निघाला. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मेंढ्याची दोरी. भरती नुकतीच लागत होती. वारा सकाळपासून घोंघावत होता, पण टॉर्मोद उतारावर येईपर्यंत वारा पडला. पार पडला. साकव ओलांडेपर्यंत मेंढा मुकाट आला.

फाटकापाशी थांबला.

ओढलं, हलेना. ढकललं, हलेना. पुढचे दोन्ही पाय रोवून उभा. टॉर्मोदनं त्याला अस्सल शिव्या दिल्या. रविवार नव्हता, चालतं. मग मेंढा गुडघ्यांवर बसला, आणि त्यानं मान खाली घातली.

तेवढ्यात खालून आवाज आला. ओढ्यातून.

"कोण आहे?"

आता, आमच्याकडे दारात कोणी 'कोण आहे' विचारलं तर नाव सांगत नाहीत. 'मीच' म्हणतात. चाळीस वर्षं टॉर्मोद रोज संध्याकाळी स्वतःच्या दारात तेच म्हणत आला होता. तोंडातून निघून गेलं.

"मीच."

काही वेळ नुसतं पाणी वाहत होतं.

"उशीर केलास," ती म्हणाली.

त्यानं बॅटरी तिच्यावर मारली नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्यानं बॅटरी विझवली, आणि डोळे अंधाराला सरावले तेव्हा काठालगत, पाण्यात, तिची पाठ दिसली.

"कोणी आणलं तुला?" तिनं विचारलं. "खांदेकरी कुठायत?"

"मी... मेंढा परत द्यायला आलोय."

"मेंढा."

"हो."

"तुझं आपलं काहीतरीच," मार्साली म्हणाली.

त्याला हसू आलं, म्हणाला. त्या जागी, त्या वेळी.

"पाणी फार गार आहे रे."

"मग पाण्यात का उभी आहेस?"

"मग कुठे उभी राहू?" ती एकदम उसळून बोलली, नेहमीसारखी. "तुम्ही पुरुष आत जायचात, बाहेर यायचात, आणि घरी येऊन सूप मागायचात. आम्हाला सांगितलंत कधी, उभं कुठे राहायचं असतं? पहारा, पहारा ऐकलं होतं. जागा कोणी दाखवली? मला वाटलं, ओढ्याचा पहारा म्हणजे ओढ्यात."

चार वर्षं, रुअरी. चार हिवाळे. आणि तिला तिथे ठेवणारा हा.

काय बोलणार? त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो. कोणीही नवरा बोलला असता. त्यानं हात पुढे केला.

"मार्साली, घरी चल."

ती काठावर चढली. मेंढ्यानं एक हिसडा दिला, दोरी सुटली, आणि तो ग्रिआमच्या अंगाला उधळत गेला. टॉर्मोदनं मागे पाहिलं नाही. दोघं साकवावर आली. तो पुढे, ती मागून, अगदी लागून. तिच्या पावलांचा आवाज नव्हता. पण ओलं कापड फळ्यांवरून ओढल्यासारखं... घागऱ्याची कड असेल.

साकवाच्या मध्यावर आला.

टक. टक.

दोन पावलं. मागे, पलीकडच्या टोकाला.

पुन्हा दोन. पुन्हा दोन.

आमचं मयत कसं चालतं, तू पाहिलंयस का? दोन रांगा. पुढच्या जोडीनं खांदा द्यायचा, थोडं चालून बाजूला व्हायचं, मागच्या जोडीनं पुढे यायचं. त्या चालीचा एक आवाज असतो. इथलं पोर झोपेतही ओळखेल. तोच आवाज. पण उलटा. कबरस्तानाकडून गावाकडे.

टक टक. टक टक.

साकव हलायला लागला. वजनानं.

मग कोणीतरी खोकलं. कोरडा खोकला, शेवटी शीळ वाजल्यासारखा. तो खोकला टॉर्मोद लहानपणापासून ओळखत होता. त्याचे वडील. त्यांना जाऊन तेहतीस वर्षं झालेली.

"मागे कोण आहे रे?" मार्सालीनं विचारलं.

तिलाही माहीत नव्हतं.

तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पहारेकरी फाटकावर नव्हता. त्यानंच तिला हलवलं होतं. साखळी असून फाटक उघडं होतं... आणि दोन गावांची, कोण जाणे किती वर्षांची, सगळी माणसं घरी निघाली होती.

साकव संपला. वर उतारावर त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी. दिवा होता. ऊना बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. इकडून तिकडे. तिकडून इकडे.

टॉर्मोद थांबला.

मागची पावलंही थांबली.

"मार्साली."

"हं."

"परत जा."

त्यानं खिडकीकडे बोट केलं.

"तू हललीस म्हणून ते निघालेत. घरी ऊना आहे. बाळ आहे."

"बाळ?" ती म्हणाली. "ऊनाला?"

"मुलगी. सहा दिवसांची."

ती खिडकीकडे बघत होती, असं त्याला वाटलं. त्यानं वळून पाहिलं नाही.

"कोणासारखी आहे?"

"तुझ्यासारखी. सारखी ओरडते."

"आत्ताच तर म्हणालास, घरी चल." आवाज अगदी लहान झाला होता. "किती दिवस, टॉर्मोद? आणखी किती?"

"मी येईपर्यंत."

"तुला इथे आणणार नाहीत. साखळी बघितली मी."

"मी येईन."

"नक्की?"

"नक्की."

"मग निदान उभं कुठे राहायचं ते तरी दाखव."

परत जायचं म्हणजे त्या साकवावरून. त्यांच्यामधून. त्यानं डोळे मिटले, आणि कठडा चाचपत चालू लागला. दोन्ही बाजूंना... दाटी. ओल्या लोकरीचा वास. कोणी स्पर्श केला नाही. वाट दिली. मयताला देतात तशी. त्याच्या मागून ती. आणि तिच्या मागून, जोडीजोडीनं, सगळे.

फाटकाशी त्यानं भिंतीवरून हात लांब करून दाखवलं. "आत. डाव्या हाताला. भिंतीच्या आडोशाला. तिथे पाणी येत नाही, वाराही लागत नाही."

"एवढंच होतं होय," मार्साली म्हणाली. "सांगायला काय झालं होतं?"

मग काही नाही. पाणी. आणि साखळी, होती तशी.

सहा वाजून वीस मिनिटांनी त्यानं माझं दार उघडलं. ह्याच खुर्चीत बसला. मी विचारलं, "मेंढा दिलास?" तर म्हणाला, "गेला तो आपला आपण." नंतर तासभर बोलला. एवढं तो सगळ्या जन्मात बोलला नसेल. शेवटी म्हणाला, "इवर, मला खाली न्यायचं. काहीही झालं तरी. मी शब्द दिलाय."

मी हो म्हणालो.

पुढचे अकरा महिने तो कौन्सिलच्या दारात. कागद घेऊन जायचा, कागद घेऊन यायचा. तिथली मुलगी मोठी गोड बोलायची. "काका, काठ ढासळतोय. उद्या तुमचीच पेटी समुद्रात गेली तर?" तिचंही चुकत नव्हतं. टॉर्मोद म्हणायचा, "मला पोहता येतं." ती हसायची आणि नकाराचं पत्र द्यायची. ती पत्रंही मीच पोचवली. माझं निवृत्तीचं वर्ष होतं.

नोव्हेंबरात तो गेला. शेगडीसाठी पीटच्या, दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, विटा काढायला म्हणून मागच्या दारी गेला आणि तिथेच बसला. ऊना रडली, मी धावाधाव केली. कौन्सिलला फोन, पाद्रीबाबांना गळ, एका वकिलालाही विचारलं. नाही म्हणजे नाही. रात्री आम्ही चौघं कुदळ घेऊन जाऊ, असंही बोललो. पण बोललोच. सकाळ झाली, सगळे इस्त्रीचे कपडे घालून आले, आणि कोणी कोणाच्या डोळ्यात बघेना. त्यानं आयुष्यात एक शब्द मागितला, तो मी दिला, आणि मला तो पाळता आला नाही. ते मला अजून खातं. सांगून टाकतो.

गुरुवार होता. दुपारचे बारा, लख्ख ऊन, दोन्ही गावांची माणसं. पहिला खांदा माझा. टॉर्मोद शंभर किलोच्या वरचा गडी. दहा पावलांत माझं खांद्याचं हाड बोंबलायला लागलं. उशदेन माझ्या जोडीला, तो ग्रिआमचा, तोच तो मेंढ्याचा मालक. हळूच म्हणाला, "ह्यानं माझा मेंढा खाल्ला की काय?" एवढं जड.

वरच्या पुलावर थांबलो. थांबावंच लागतं, तिथे हद्द, तिथे दोन्ही गावांच्या रांगा बाजू बदलतात. पेटी खाली ठेवली. खालून ओढा वाहत होता, खाली समुद्राकडे, त्या जुन्या फाटकाकडे. ऊन होतं तरी गार वाटलं. मिनिटभर. मग पुढच्या जोडीनं उचलली, आणि निघालो.

चाल वाढली होती. माझ्या लक्षात आलं, पण मी म्हटलं, उतार आहे. उतार नाहीये तिथे, रुअरी. चढ आहे.

खड्ड्यापाशी आठ दोऱ्या. आमच्याकडे पेटी दोऱ्यांनी उतरवतात, आठ माणसं, प्रत्येकाच्या हातात एक. डोक्याकडची पहिली दोरी मुलाची, त्याला मुलगा नाही, म्हणून माझी. समोर उशदेन. पाद्रीबाबांनी मान हलवली. आम्ही पाय रोवले आणि दोरी सोडायला लागलो.

माझ्या दोरीला ओढ नव्हती.

मला वाटलं, वजन दुसऱ्यांवर पडलंय. मी जरा ताणून धरली, आपला भाग आपण उचलावा म्हणून. तर माझी बाजू वर आली. पटकन सैल सोडली. समोर उशदेननंही तेच केलं. मग पायाकडच्यानं. आठही जणांना वाटत होतं, वजन बाकीच्या सातांकडे आहे. पेटी खाली गेली, टेकली. आवाज... रिकाम्या कपाटाचं दार लावल्यासारखा. माती लोटली.

नंतर हॉलमध्ये सूप. एका लांब टेबलाशी आम्ही आठ जण एकत्र बसलो, बसतातच. शंभर किलोची पेटी उतरवली की दोरीचा वळ तळहातावर उठतो. लाल, बोटभर रुंद. संध्याकाळपर्यंत जात नाही. मी चाळीसएक मयतं उतरवलीत, एकदाही चुकलेला नाही.

मी वाडगा धरला आणि माझा हात पाहिला. मग शेजारच्याचा. मग पलीकडच्याचा. तेही बघत होते, कोणाला कळू न देता, पाव घेताना, मीठ देताना.

आठही तळहात कोरे होते.

समोर उशदेननं आपला हात बराच वेळ उघडा धरला. मग मुठीत मिटला, आणि टेबलाखाली नेला.